छोट्या लेथसाठी कोणता चक घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे टेबलावर बसणारा छोटा मेटल लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) आहे. स्विंग (फिरवता येणारा सर्वात मोठा व्यास) १८० मिमी, स्पिंडलला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) २० मिमीचा बोअर (आरपार भोक) आणि आत एमटी ३ टेपर (मोर्स टेपर नं. ३, निमुळती खाच). मशीनसोबत ८० मिमीचा थ्री जॉ चक (तीन जबड्यांनी जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरणारा भाग) आला, तो स्पिंडलच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) तीन बोल्टने थेट बसतो.

सध्या वाफेचं छोटं डोलणारं इंजिन बनवतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. शाफ्ट एका बाजूने टर्न करून (कातून) उलटा धरला की दोन्ही बाजू एका सेंटरला येत नाहीत. ग्राइंड केलेल्या रॉडवर डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला तर ०.०८ मिमी आउट, म्हणजे फिरताना तेवढं डगमगणं, दाखवतो. सिलेंडरसाठी पितळेचा चौकोनी ठोकळा आहे, त्यात मध्यापासून बाजूला बोअर हवा. आणि फ्लायव्हील ७० मिमीचं आहे. बाहेरचे जबडे लावूनही हा चक ६३ मिमीपर्यंतच धरतो.

म्हणून १०० मिमीचा थ्री जॉ घ्यावा असं वाटतंय. की फोर जॉ? ईआर ३२ कोलेट चकचंही (रॉडला सगळीकडून आवळणाऱ्या चिरा असलेल्या नळीचा चक) बरंच कौतुक वाचलं. एकच घेणं शक्य आहे.

प्रतिसाद १

आधी चक काढून स्पिंडलच्या टेपरमध्ये आतून डायल लावा. तिथेच आउट असेल तर कुठलाही नवा चक घेऊन उपयोग नाही.

स्पिंडल ठीक निघालं, तर ०.०८ हे साध्या स्क्रोलच्या (आतल्या सर्पिल आट्याने जबडे सरकवणाऱ्या) थ्री जॉसाठी काही वाईट नाही. १०० मिमीचा थ्री जॉही साधारण तेवढाच आउट देईल. तुमची अडचण मापाची कमी आणि चकच्या प्रकाराची जास्त आहे. थ्री जॉमध्ये तिन्ही जबडे एकत्र सरकतात, त्यामुळे जॉब तो म्हणेल तिथेच बसतो.

तुमच्या जागी मी इंडिपेंडंट (स्वतंत्र जबड्यांचा) फोर जॉ घेईन. प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, त्यामुळे शाफ्ट ०.०१ पर्यंत आणता येतो आणि ठोकळाही हवा तेवढा बाजूला धरता येतो. डायल लावायचा, समोरासमोरचे दोन जबडे घ्यायचे आणि दोन्हीकडच्या रीडिंगमध्ये ०.४० फरक असेल तर जॉब ०.२० सरकवायचा. आधी ढिला करा, मग समोरचा आवळा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, आठवड्याभरात पाच मिनिटांवर येईल. पितळेला जबड्यांचे वळ उठतात, मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा.

प्रतिसाद २

ईआर ३२ मी रोज वापरतो. २ ते २० मिमी गोल रॉडसाठी त्याच्यासारखं सुख नाही, वळ उठत नाहीत आणि उलटा धरला तरी जॉब जवळपास सेंटरला राहतो. पण चौकोनी ठोकळा त्यात जाणार नाही, फ्लायव्हीलही नाही. पुढे कधीतरी जरूर घ्या, आत्ता फोर जॉ.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. टेपरमध्ये डायल लावून पाहिला, काटा ०.०१ च्या आतच हलतो. म्हणजे स्पिंडल चांगलं आहे, खूप हायसं वाटलं. मग फोर जॉ ८० चा की १०० चा? फ्लायव्हीलसाठी १०० चाच लागेल ना?

प्रतिसाद १

१०० चा घ्यायचा मोह होईल, पण व्यास सव्वापट झाला की त्याच आकाराच्या चकचं वजन जवळपास दुप्पट होतं. जॉब बेअरिंगपासून पुढे जातो, मोटरवर ताण येतो. शिवाय तुमच्या फ्लँजवर तो थेट बसत नाही, मध्ये बॅकप्लेट (जोडायची चकती) लागते. तिचं रजिस्टर (चक अचूक बसवणारी गोल कड) आपल्याच स्पिंडलवर बसवून टर्न करावं लागतं, तरच चक नीट बसतो. ८० चा फोर जॉ त्याच फ्लँजवर बसेल.

फ्लायव्हील बाहेरून धरूच नका. मधला बोअर आधी करून घ्या. हब (मधला जाड भाग) धरण्याजोगा असेल तर तो फोर जॉमध्ये डायलने सेंटरला आणून बोअर करा. मग चकमध्ये रॉडचा तुकडा धरून बोअरच्या मापाला टर्न करा, टोकाला आटे पाडा आणि तो चकमधून न काढता त्यावरच फ्लायव्हील नटाने आवळा. रिम (बाहेरची कड) आणि बोअर एका सेंटरला येतील. कट हलका घ्या, वेग कमी ठेवा.

आणखी एक, कळकळीने सांगतो. फोर जॉमध्ये जबडे बाहेर डोकावतात आणि फिरताना दिसत नाहीत. मशीन सुरू करण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कॅरेजला (हत्यार धरून सरकणाऱ्या भागाला) कुठे लागत नाही ना. आणि चावी चकमध्ये ठेवून हात कधीही काढू नका.