कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा: शोधनिबंधाचा विषय कसा आखू?

वाचनखूण

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात शोधनिबंध लिहायचा आहे, मर्यादा ५००० शब्दांची. विषय धरला आहे 'अभिजात कादंबऱ्या आणि त्यांवरचे चित्रपट: तौलनिक अभ्यास'. फ्रँकेन्स्टाइन, ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, देवदास, पथेर पांचाली आणि गाइड अशा पाच जोड्या घ्यायच्या आणि सिनेमाने काय गाळलं, काय बदललं, तो मूळ कादंबरीशी किती प्रामाणिक राहिला हे मांडायचं, असा विचार होता. मार्गदर्शक बाईंनी आराखडा 'फार पसरट होतंय' एवढाच शेरा मारून परत दिला. पाचही पुस्तकं जिवाभावाची आहेत, त्यामुळे कात्री कुठे लावावी ते उमगत नाही. सैद्धांतिक वाचन कुठून सुरू करावं हेही जाणकारांनी सांगावं.

तळटीप

बाईंचं बरोबर आहे. पाच जोड्या ५००० शब्दांत बसवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला हजार शब्दसुद्धा येत नाहीत, आणि त्यातले निम्मे कथानक सांगण्यातच संपतात. एकच जोडी घ्या.

आणि 'किती प्रामाणिक राहिला' हा प्रश्नच काढून टाका. त्याचं उत्तर दरवेळी तेच येतं: काही ठिकाणी राहिला, काही ठिकाणी नाही. शब्दांतून दृश्यात जाताना बदल अटळ असतात हे चित्रपट-अभ्यासक जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ सालच्या पुस्तकातच मांडून ठेवलंय. बदल झाला, एवढं नोंदवून निबंध होत नाही. त्या बदलाने अर्थ कुठल्या बाजूला सरकला, हे दाखवलंत तर होतो.

तुमच्याच यादीतलं फ्रँकेन्स्टाइन बघा. मेरी शेलींच्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो जीव बोलतो, आणि काय बोलतो! भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत तो भाषा शिकतो, मिल्टनचं महाकाव्य वाचतो, आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. १९३१च्या जेम्स व्हेल यांच्या सिनेमात त्याची वाचाच काढून घेतली आहे. त्याची भूमिका करणाऱ्या बोरिस कारलॉफच्या तोंडी फक्त गुरगुरणं उरतं. तरीही प्रेक्षकाला त्याची कणव येते. छताची झडप उघडते, प्रकाश खाली येतो आणि तो दोन्ही हात वर करून उजेड पकडायला जातो, तो प्रसंग आठवा. कादंबरीतल्या पानापानांच्या स्वगताचं काम तिथे दोन हात करतात. तुमचा प्रश्न इथे आहे: भाषा काढून घेतल्यावर सिनेमा सहानुभूती कशातून उभी करतो, आणि त्या बदल्यात काय गमावतो?

याच सिनेमातला दुसरा बदल मात्र मला खटकतो. मदतनीस फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो विकृत मेंदू उचलून आणतो. कादंबरीत ना हा मदतनीस आहे, ना ती बरणी. तिथे तो जीव क्रूर होतो तो जगाने झिडकारल्यामुळे. सिनेमाने दोष मेंदूत ठेवला की निर्मात्याची आणि समाजाची जबाबदारी हलकी होते. असा एक बदल नीट उलगडलात तर निबंधाला कणा मिळेल.

काळापांढरा

तळटीप यांच्याशी सहमत, पण एक खबरदारी घ्या. १९३१चा सिनेमा थेट कादंबरीवरून आलेला नाही. मध्ये पेगी वेबलिंग यांचं नाटक आहे. त्यामुळे 'व्हेल यांनी हे बदललं' असं सरसकट लिहू नका, नाहीतर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील. कादंबरीसुद्धा एकच नाही. १८१८ची पहिली आवृत्ती वेगळी आणि शेलींनी स्वतः हात फिरवलेली १८३१ची वेगळी. कुठली वापरताय ते पहिल्याच पानावर सांगा.

आता तळ्याकाठचा प्रसंग. सिनेमात छोटी मुलगी फुलं पाण्यात सोडते, ती तरंगतात. फुलं संपतात तेव्हा हा तिलाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने. कादंबरीत याच्या नेमकं उलट घडतं: वाहून चाललेल्या मुलीला तो पाण्यातून बाहेर काढतो आणि तिच्या सोबत्याची गोळी खातो. दोन्हीकडे पाणी, मुलगी आणि निष्पाप हेतू. कादंबरीत माणसं त्याच्यावर अन्याय करतात, सिनेमात त्याच्या अज्ञानातून अनर्थ होतो. एवढ्या एका तुलनेवर हजार-बाराशे शब्द सहज उभे राहतील, आणि ते तुमचे स्वतःचे असतील.

दुसरी आवृत्ती

मी थोडं वेगळं सांगेन. ज्या भाषेत मूळ कादंबरी वाचता येते तीच निवडा. पथेर पांचाली माझ्याही फार जवळची, पण विभूतिभूषणांची बांगला वाचता येत नसेल तर वाक्यांच्या पातळीवरचं विश्लेषण अनुवादकाचं होईल, त्यांचं नाही. रचनेवर मात्र लिहिता येईल. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण अगदी सुरुवातीच्या भागातच जाते. सत्यजित राय तिला १९५५च्या सिनेमात बराच वेळ जिवंत ठेवतात आणि मुलं आगगाडी बघून परततात तेव्हा तिचा मृत्यू समोर आणतात. कादंबरीतल्या दुर्गाची, म्हणजे त्या मुलांतल्या थोरल्या बहिणीची, तर आगगाडी बघायची इच्छा अपुरीच राहते. प्रसंगांचा क्रम हलवला की दुःखाचं वजन कसं बदलतं, यावर सुंदर निबंध होईल.

गाइडमध्येही असाच एक ठोस धागा आहे. आर. के. नारायण यांच्या १९५८च्या कादंबरीत दुष्काळात नायकाने केलेल्या उपासानंतर पाऊस खरंच आला की नाही हे शेवटी मोकळं सोडलंय, १९६५च्या सिनेमात तो धो धो पडतो. सिनेमा बघून नारायण नाराज होते आणि त्यांनी त्यावर लेखही लिहिला. तो जरूर वाचा, पण लेखकाची नाराजी हा पुरावा म्हणून घ्या, निकाल म्हणून नको.

देवदासवर वेगळ्या जातीचा निबंध होतो. १९३५, १९५५ आणि २००२चे सिनेमे समोर ठेवून एकाच कथेकडे तीन काळांनी कसं पाहिलं, असा. तुमच्या शब्दमर्यादेत तो मावणार नाही.

वाचनखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. आगगाडीचा धागा सोडवत नव्हता, पण बांगला येत नाही, त्यामुळे फ्रँकेन्स्टाइन नक्की केलं. प्रश्न असा लिहिलाय: 'वाचा नसलेल्या जीवाबद्दल १९३१चा चित्रपट सहानुभूती कशी निर्माण करतो, आणि त्यामुळे कादंबरीतला जबाबदारीचा प्रश्न कसा बदलतो?' १९३५चा पुढचा सिनेमा, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', घ्यावा का? त्यात तो बोलायला लागतो. आणि सिद्धांताचं राहिलंच.

तळटीप

प्रश्न छान झालाय. १९३५चा सिनेमा एका परिच्छेदापुरता घ्या. ज्या कुटुंबाचं बोलणं ऐकून तो जीव भाषा शिकतो, त्यातला आंधळा म्हातारा कादंबरीतून तिथे पोचलाय, हे सांगण्याइतपत. त्याहून पुढे गेलात की पुन्हा पसारा वाढेल.

वाचनाची सुरुवात ब्रायन मॅकफार्लेन यांच्या १९९६च्या 'नॉव्हेल टू फिल्म'पासून करा. कादंबरीतलं काय जसंच्या तसं पडद्यावर नेता येतं आणि कशासाठी नवा पर्याय शोधावा लागतो, हा त्यांचा भेद तुमच्या थेट कामाचा आहे. घटना नेता येतात, निवेदन नेता येत नाही. तुमच्या कादंबरीत वॉल्टन या दर्यावर्दीची पत्रं, त्यांच्या पोटात व्हिक्टरची कहाणी आणि तिच्याही पोटात त्या जीवाची कहाणी आहे. सिनेमाने वॉल्टनला वगळून ही सगळी घडी मोडली. मग लिंडा हचन यांचं २००६चं 'अ थिअरी ऑफ अ‍ॅडॅप्टेशन'. मूळ आणि नक्कल अशी उतरंड का मोडायची हे त्या फार नेटकेपणाने समजावतात. रॉबर्ट स्टॅम यांचा 'बियाँड फिडेलिटी' हा लेख वेळ मिळाला तर वाचा.

सिद्धांताचं वेगळं प्रकरण मात्र करू नका. दोन परिच्छेदांत तुमची भूमिका सांगा आणि पुढे विश्लेषण करताना लागेल तिथे त्या संकल्पना वापरा. लिहायला बसाल तेव्हा आधी तळ्याचा प्रसंग लिहा, प्रस्तावना शेवटी.

काळापांढरा

तळ्याचा प्रसंग लिहिण्याआधी तुमच्याकडची प्रत तपासा. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी त्यातला मुलीला पाण्यात टाकण्याचा भाग कापला होता आणि तो १९८०च्या दशकात परत जोडला गेला. कापलेल्या प्रतीत तो तिच्याकडे हात नेतो तिथेच दृश्य संपतं, आणि नंतर थेट बाप तिचं प्रेत घेऊन गावात येतो. मधलं काहीच न दिसल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात त्याहून भयंकर काहीतरी येतं आणि त्या जीवाचा भाबडेपणा पार पुसला जातो. म्हणजे तुमचा मुद्दा कुठली प्रत बघितली यावरच उभा आहे. प्रत्येक दृश्याचा तास-मिनिट-सेकंद टिपून ठेवा आणि प्रतीचा तपशील संदर्भसूचीत द्या. शॉट मोजताना आवाज बंद करून एकदा बघा, कारलॉफच्या हातांचं काम तेव्हा जास्त स्पष्ट दिसतं.