जीपला जादा लाईट लावल्या, स्विच तापून वायर वितळली, नीट वायरिंग कसं करू?

कास_वाट_सातारा:
मंडळी, जुनी डिझेल जीप आहे, सुट्टीला कासच्या पुढं बामणोलीकडं नाहीतर चाळकेवाडीच्या पठारावर कच्च्या रस्त्यानं जाणं होतं. मूळ हेडलाईटचा उजेड पावसाळ्यात पुरत नाही म्हणून बंपरवर ५५ वॅटच्या दोन हॅलोजन बसवून घेतल्या. बसवणाऱ्यानं बॅटरीवरनं वायर सरळ डॅशबोर्डवरच्या स्विचला आणली आणि तिथनंच पुढं लाईटला सोडली, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही की फ्यूज नाही. उजेड पहिल्यापासनंच पिवळट आणि मरगळलेला होता. परवा रात्री यवतेश्वर घाट उतरताना जळका वास यायला लागला, गाडी बाजूला घेऊन बघतो तर स्विचमागची वायर मऊ होऊन प्लॅस्टिकला चिकटलेली, हात लावला तर चटका बसला. मागच्या सीटवर पोरगं झोपलं होतं, पोटात गोळाच आला. आता सगळं उपसून टाकलंय आणि स्वतःच्या हातानं करायचंय. रिलेच्या पिना समजत नाहीत, कुणीतरी सविस्तर सांगा.

मिरजेचा_ऑटोइलेक्ट्रिक:
दादा, वेळेवर थांबला ते बरं केलं. दोन ५५ वॅट म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपियर. एवढा करंट बारक्या स्विचमधनं आणि पातळ वायरमधनं नेला की तापणारच. वायर जेवढी पातळ आणि लांब तेवढे व्होल्ट वाटेतच जिरतात, आणि हॅलोजनचं असं असतं की व्होल्ट थोडे कमी झाले तरी उजेड कितीतरी जास्त घटतो, तुमचा पिवळटपणा तिथनंच आला.

रिलेचं काम एवढंच की स्विचनं फक्त रिले चालवायची, आणि मोठा करंट बोनेटखालच्या बोनेटखालीच बॅटरीवरनं रिलेत आणि रिलेतनं लाईटला जायचा. ३० नंबर पिनेला बॅटरीचा प्लस, ८७ वरनं लाईट, ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या चेसीला जोड. पाच पिनांची रिले असेल तर मधली ८७ए मोकळी सोडा, चुकून तिथं वायर लावली तर स्विच बंद असताना लाईट पेटत राहतात आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. ४० अँपियरची रिले, वायर अडीच स्क्वेअर एमएमची, फ्यूज १५ अँपियरचा. फ्यूज बॅटरीपासनं वीतभर अंतरावरच पाहिजे, कारण तो वायर वाचवायला असतो आणि बॅटरी आणि फ्यूजच्या मधे वायर घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काही नाही. रिले पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी घालाच, पत्र्याची कड वायर कापते.

आणि अर्थिंग. निम्म्या तक्रारी तिथंच असतात. चेसीवरचा रंग घासून चकचकीत पत्रा काढायचा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वर ग्रीस. सांगलीत २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून माझ्याकडं येतात, वरनं वायर नवी दिसते पण कव्हर सोललं की आत तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. म्हणून जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नका, थिंबल दाबा आणि स्लीव्ह चढवा.

केळघर_घाट:
वायरिंगचं दादांनी सांगितलंच आहे, मी फक्त धुक्याचं बोलतो. आमच्याकडं मेढ्यावरनं महाबळेश्वरला चढताना जुलैत बोनेटच्या पुढचं दिसत नाही. लाईट वर टपावर लावलीत तर सगळा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो, त्यामुळं बंपरवरच ठेवा आणि तोंड जरा खाली झुकवा. दुसरं, रिले चालवणारी स्विचची वायर अप्परच्या (हाय बीमच्या) वायरवरनं घ्या म्हणजे समोरनं एसटी आली की तुम्ही डिपर (लो बीम) मारताच जादा लाईटपण विझतात. घाटात समोरच्याचे डोळे दिपले तर तो दरीकडं सरकतो, हे विसरू नका राव.

कास_वाट_सातारा:
दोघांचेही लई आभार. आज बसलो होतो, एक अडचण आली. हेडलाईट चालू केली की डिपरवर असतानाही जादा लाईट पेटतात. जी वायर मी पकडली तिच्यावर अप्पर असो की डिपर, १२ व्होल्ट दिसतातच.

मिरजेचा_ऑटोइलेक्ट्रिक:
तुमच्या गाडीत अप्पर-डिपर अर्थवर चालतंय. बल्बच्या कॉमन पिनेला प्लस कायम असतो आणि दांडा फिरवला की त्या त्या फिलामेंटला अर्थ मिळते. तुम्ही कॉमनची वायर धरलीय. आता ८५ ची चेसीवरची अर्थ सोडा आणि ती पिन अप्परच्या वायरीला जोडा, ८६ ला चावी चालू असतानाच येणारा प्लस तुमच्या स्विचमधनं द्या. आधी मल्टिमीटरनं खात्री करा, अंदाजानं वायर कापू नका.

कास_वाट_सातारा:
झालं दादा! इंजिन चालू ठेवून मीटर लावला, बॅटरीवर १३.८ आणि थेट लाईटच्या पिनेवर १३.४. रात्री यवतेश्वरपर्यंत जाऊन आलो, अर्धा तास लाईट चालू ठेवली, दर दहा मिनिटांनी स्विचला बोट लावून बघत होतो, गारच होता. डिपर मारला की लगेच विझतात. डावी लाईट जरा वर बघतीय, तेवढी उद्या दिवसा भिंतीवर पाडून खाली घेतो.