ह्यूजचं मैदान आणि पाकिटावरची सही

प्रेषक: आबांची सून, फोर्ट कॉलिन्स
बुधवार, १७ मार्च २०२१

मंडळी, नमस्कार.

शनिवार-रविवारच्या बर्फातून सगळे सुखरूप असाल. सोमवारी पोरांना घेऊन ह्यूजच्या टेकडीवर घसरायला गेलो होतो. निम्मं गाव तिथे लोटलं होतं. खाली डिस्क गोल्फच्या (हातानं थाळीसारखी डिस्क फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ) टोपल्या बर्फात बुडाल्या होत्या, वरचं कडं आणि साखळ्या तेवढ्या दिसत होत्या. घरी आले तेव्हा डोक्यात एकच विषय होता, म्हणून हे पत्र लिहितेय.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. ओव्हरलँड ट्रेल रस्त्याच्या पश्चिमेला, डोंगरावर पांढरा मोठा 'ए' दिसतो त्याच्या पायथ्याशी, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचं ह्यूज हे फुटबॉलचं स्टेडियम होतं. १९६८ मध्ये उघडलं, २०१६ मध्ये तिथला शेवटचा सामना झाला आणि २०१८ मध्ये ते पाडलं. मागे उरली सुमारे १६५ एकर जमीन, घसरायची टेकडी आणि डिस्क गोल्फचा फुकट कोर्स. विद्यापीठाला ही जमीन विकायची आहे आणि तिथे सहाशे-सातशे घरं बांधायची योजना पुढे आली आहे. गावातल्या लोकांनी दारोदार सह्या गोळा करून हा प्रश्न ६ एप्रिलच्या मतपत्रिकेवर आणला. शहरानं ही जमीन सार्वजनिक मोकळी जागा म्हणून राखावी आणि रास्त भावानं विकत घ्यावी, असा तो प्रश्न आहे.

आता माझं त्यात काय गुंतलंय ते सांगते. आमचे आबा वाईचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०२० च्या जानेवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. वाचनालय बंद, देऊळ बंद, आपल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बंद. दोन खोल्यांत माणूस येरझाऱ्या घालून घालून गप्प होत चालला होता. मग मी त्यांना रोज संध्याकाळी ह्यूजवर न्यायला लागले. एक दिवस गवतात त्यांच्या पायाशी एक डिस्क येऊन पडली. लांबून विद्यापीठातला एक मुलगा हात हलवत होता. आबांनी ती उचलली आणि कृष्णेच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जावा तशी, कमरेतून वाकून, मनगटाचा झटका देऊन तिरकी फेकली. ती बरोब्बर त्याच्या पुढ्यात पडली. त्या मुलानं दुसऱ्या दिवशी त्यांना एक जुनी पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची डिस्क, आणून दिली. अंतर राखून, तोंडाला मास्क लावून त्यांची शिकवणी सुरू झाली. आबांना इंग्रजी बेताचं आणि त्या मुलाला मराठी शून्य. जुलैपर्यंत आबा वीस फुटांवरून टोपलीत टाकायला लागले. साखळ्या खळ्ळकन वाजल्या की ते मागे वळून माझ्याकडे बघायचे. लॉकडाऊनमधलं त्यांचं हसू मी पाहिलं ते तिथेच.

ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानानं ते परत गेले. अजून दर रविवारी फोनवर विचारतात, "सात नंबरच्या टोपलीला वारा तसाच लागतो का गं?"

मी दोन वर्षांपूर्वी नागरिक झाले. ही माझी पहिली स्थानिक निवडणूक. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे टपालानं मतपत्रिका आली असेल त्यांना हात जोडून विनंती: ह्यूजच्या बाजूनं मत द्या.

आबांची सून

प्रेषक: भाडेकरू, ड्रेक रोड
गुरुवार, १८ मार्च २०२१

ताई, राग मानू नका. आबांचं वाचून मलाही गलबलून आलं. तरी लिहितो.

मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मत देऊ शकत नाही. आम्ही दोघं आणि एक लहान मुलगी दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, भाडं दरवर्षी वाढतं. मागच्या उन्हाळ्यापासून पाच घरांवर ऑफर दिली, पाचही हातची गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी आमच्याहून जास्त रोख घेऊन आलं. मंडळाच्या पॉटलक जेवणाला ज्यांच्या घरी जातो ते सगळे घरमालक, आणि मोकळी जमीन मोकळीच राहावी म्हणणारेही बहुतेक घरमालकच. सातशे घरं म्हणजे सातशे कुटुंबं. त्यात आमच्यासारखी काही असतीलच ना?

टेकडी आणि टोपल्या राखूनही घरं बांधता येतील. आणि डिस्क गोल्फ एडोरा पार्कातही आहे. आम्हाला राहायला दुसरं गाव शोधावं लागेल त्याचं काय?

ज्यांना मत आहे त्यांनी आमचाही विचार करावा, एवढंच.

प्रेषक: सचिव
गुरुवार, १८ मार्च २०२१

सर्वांना नमस्कार. दोघांनी ई-मेल यादीवरची ही चर्चा बंद करण्याबद्दल मला वेगळं लिहिलं, म्हणून खुलासा करतो. आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे. उमेदवाराचा प्रचार कायद्यानं पूर्ण बंद आहे आणि तो इथे कुणी केलेला नाही. जमिनीच्या प्रश्नावर सभासद स्वतःचं मत मांडू शकतात, मात्र मंडळाच्या वतीनं म्हणून कुणी लिहू नये. चर्चा चालू ठेवा.

पाडव्याच्या ऑनलाइन कार्यक्रमासाठी मुलांची नावं अजून आलेली नाहीत, तीही पाठवा.

प्रेषक: काका, लव्हलँड
शुक्रवार, १९ मार्च २०२१

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतोस त्यात खोट काढायला जागा नाही. आम्ही एचपी कंपनीत आलो तेव्हा एका पगारात घर झालं. ते दिवस तुमच्या वाट्याला आले नाहीत आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

पण तू घरं मागतोस ती कुठे, हे बघ. ह्यूज गावाच्या पार पश्चिम टोकाला, त्यापलीकडे डोंगर आणि हॉर्सटूथचं धरण. तिथली घरं म्हणजे दुधाच्या पिशवीलाही गाडी काढायची. मेसन स्ट्रीटवरून २०१४ पासून मॅक्स बस धावते, तिच्या दोन्ही अंगांना बैठी दुकानं आणि रिकामे पार्किंग लॉट पसरलेत. तीन-चार मजली घरं तिथे हवीत. त्यासाठी तू नगर परिषदेपुढे उभा राहणार असशील तर मी लव्हलँडहून गाडी काढून तुझ्या शेजारी येऊन बसेन. हा शब्द समज.

आता टोपल्या राखून घरं बांधण्याबद्दल. मी हा खेळ तीस वर्षं खेळतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. लांब फेकायच्या डिस्कची, म्हणजे ड्रायव्हरची, कड पातळ आणि प्लास्टिक कडक. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. सरावलेला खेळाडू ती तीनशे फूट फेकतो, आणि आपल्याकडे डोंगरावरून वारा उतरला की ती कुठे जाईल ते फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आज ती गवतात पडते. उद्या तिथे कुणाचं मागचं अंगण असेल, अंगणात पाळणा असेल. मग तक्रार होणार, आणि ती रास्तच असेल. पहिल्या वर्षी दोन टोपल्या हलवतील, तिसऱ्या वर्षी नऊच उरतील, आणि एक दिवस पाटी लागेल. कोर्सला टोपल्यांच्या दसपट जागा मोकळी लागते. ती रिकामी दिसते, पण खेळ तिच्यातच असतो.

हा खेळ जन्मला तोच सार्वजनिक बागेत. एड हेड्रिक नावाचा माणूस व्हॅम-ओ कंपनीत होता, फ्रिस्बी सरळ उडावी म्हणून तिच्यावर उंचवट्याची वर्तुळं करण्याची युक्ती त्याची. त्यानं १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला. सुरुवातीला नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा साखळ्यांची टोपली निघाली. १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. २००२ मध्ये तो गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या. ओक ग्रोव्हचा कोर्स अजून आहे, कारण ती बाग अजून बाग आहे.

गोल्फ क्लबात शिरायला खिसा लागतो. इथे दहा-पंधरा डॉलरची एक डिस्क पुरते, आणि आबांना तर तीही कुणीतरी दिली. एडोरा छान आहे, मी तिथेही खेळतो. पण शनिवारी तिथे रांग लागते.

मला लव्हलँडमधून मत नाही. फोर्ट कॉलिन्सवाल्यांनो, तुम्हाला आहे.

प्रेषक: आबांची सून, फोर्ट कॉलिन्स
शनिवार, २० मार्च २०२१

काका, आभार.

आणि भाऊ, तुझं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. मी स्वतः घरमालकीण आहे, आणि लिहिताना हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी मत बदललेलं नाही. पण तुझी मुलगी आणि माझे आबा यांच्यात निवड करायला कुणी सांगू नये, असं फार वाटलं. तुझी मुलगी ज्या अपार्टमेंटमध्ये वाढतेय तिथे अंगण नाही. तिला धावायला जी जागा आहे ती ह्यूजच. घरमालकाला मागे अंगण असतं, भाडेकरूला नसतं, म्हणून ही जमीन तुमच्यासाठी जास्त लागते असं मला वाटतं. तुला पटलं नाही तरी चालेल.

दुसरं म्हणजे, मत नसलं तरी परिषदेच्या बैठकीत कुणीही रहिवासी बोलू शकतो. व्हिसा कुठला हे तिथे कुणी विचारत नाही. घरांबद्दल तू बोलावंस. मी तुझ्यासोबत येईन.

मतपत्रिकेबद्दल कालपासून सहा फोन आले, म्हणून एकदाच लिहिते. पाकिटावर सही केलीच पाहिजे. आमच्या शेजारच्या आजींनी मतपत्रिका नीट भरली, घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि सही राहिली. मी नेऊन टाकणार तेवढ्यात ते दिसलं. पाकीट ६ तारखेला संध्याकाळी सातच्या आत पोचायला हवं. टपालाचा शिक्का कधीचा आहे ते धरत नाहीत, तेव्हा शेवटच्या आठवड्यात टपालानं पाठवू नका, मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत नेऊन टाका. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनी मला फोन करा, मी पेटीपर्यंत नेईन. कुणाला मत देणार ते विचारणार नाही.

प्रेषक: आबांची सून, फोर्ट कॉलिन्स
बुधवार, ७ एप्रिल २०२१

मंडळी, ठराव मंजूर झाला! दोन तृतीयांशांहून जास्त मतं बाजूनं पडली.

सकाळी वाईला फोन लावला. आबांनी आधी विचारलं, "म्हणजे जमीन घेतली का?" नाही घेतली. मतदारांनी शहराला घ्यायला सांगितलं आहे. मालकी विद्यापीठाचीच आहे आणि भाव ठरायचा आहे. आबा म्हणाले, "सातबारावर नाव लागेपर्यंत पेढे वाटू नका." म्हणून पेढे ठेवले आहेत, पाडव्याला श्रीखंड मात्र करणार आहे.

प्रेषक: पूर्वीचा भाडेकरू, वेलिंग्टन
शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३

ताई, काका, मंडळी,

सातबारावर नाव लागलं. या वर्षी शहरानं विद्यापीठाकडून ह्यूजची जमीन सव्वा कोटी डॉलरला विकत घेतली. आता पेढे वाटायला हरकत नाही.

माझं थोडं सांगतो. आम्हाला फोर्ट कॉलिन्समध्ये घर मिळालं नाही. वेलिंग्टनला घेतलं, कामाला रोज खाली येतो. घरांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. परिषदेत दोनदा बोललो, दोन्ही वेळा ताई शेजारी होत्या आणि एकदा काका लव्हलँडहून आले. मागच्या वर्षी शहरानं दाट वस्तीला वाव देणारे नवे नियम केले, त्याविरुद्ध सह्या गोळा झाल्या आणि जानेवारीत परिषदेनं ते मागे घेतले. ज्या सह्यांनी ह्यूज वाचलं तसल्याच सह्यांनी ते नियम पाडले. मला त्याचं दुःख आहे. ह्यूज वाचवायला झटलेल्यांनी घरांसाठीही दार ठोठावावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. इथेही सांगतो.

जमीन शहराची झाली तरी तिथे काय करायचं ते ठरलेलं नाही. कुणाला सायकल पार्क हवा आहे, कुणाला हरणं आणि प्रेअरी डॉगसाठी पूर्ण नैसर्गिक जागा. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात. डिस्क गोल्फचा शब्द त्या चर्चेत राहायला हवा, तेव्हा शहराचं मत-संकलन निघेल तेव्हा सगळ्यांनी भरा. यात नागरिक असण्याची अट नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला आम्ही दहा-बाराजण ह्यूजवर जमतोय. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, तिनं उन्हाळ्यात पहिल्यांदा साखळी वाजवली. आबांची जुनी पटर ताईंनी तिला दिली आहे. आबा परवानगी देताना म्हणाले, सात नंबरला वारा डावीकडून येतो, उजवीकडे बघून फेक. तसंच फेकते.

डिस्क नसेल तर माझ्याकडे चार जादा आहेत. पाणी आणा. पायात बंद बूट घाला, दुपारचं ऊन पडलं की वाटेवर रॅटलस्नेक अजून येतात. गाड्या ओव्हरलँडच्या बाजूला लावा.