मदत हवी आहे: क्रिबेजमध्ये कोणती दोन पाने टाकावीत?

सप्रेम नमस्कार. मेंढीकोटसाठी चार माणसे जमत नाहीत, म्हणून फोंड्यात राहणारे आम्ही पतीपत्नी यंदाच्या पावसाळ्यात क्रिबेज हा दोघांचा इंग्रजी खेळ शिकत आहोत. प्रत्येकाने सहा पानांतील दोन उपडी टाकायची, दोघांच्या मिळून त्या चार पानांचा ‘क्रिब’ वाटणाऱ्याच्या गुणांत धरायचा आणि आधी 121 गुण करणाऱ्याने जिंकायचे, एवढे कळले आहे. अडचण आहे ती पाने टाकण्याची.

समजा, वाटणी समोरच्याची आहे आणि माझ्या हाती दोन पंज्या, छक्की, सत्ती, गुलाम व राजा आले. पंज्यांबरोबर गुलाम-राजा ठेवले, तर बेरीज पंधरा होणाऱ्या चार जुळण्यांचे आठ आणि पंज्यांच्या जोडीचे दोन असे दहा गुण होतात. पण लागोपाठची छक्की-सत्ती प्रतिस्पर्ध्याच्या क्रिबमध्ये जाते. उलट गुलाम-राजा टाकले, तर दोन क्रमांचे सहा आणि जोडीचे दोन असे आठच गुण राहतात. कापून उघडलेले पान हातात आणि क्रिबमध्येही धरले जात असल्याने हिशेब आणखी गुंततो. अनुभवी खेळाडू येथे काय टाकतात, आणि डाव शंभरीपलीकडे गेल्यावर हा निर्णय बदलतो का?

दुसरे, गुण मोजण्याची भोकांची फळी पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे कोठे मिळेल? सुताराकडून करवून घ्यायची झाल्यास भोकांची मांडणी कशी असावी, हेही कृपया कळवावे; कागदावर रेघा ओढून मोजताना आमचे वाद फार होतात.