आठ वर्षांच्या मुलीसाठी स्वस्तातलं व्हायोलिन

प्रश्न: रत्नागिरीत, समुद्राजवळ राहतो. बजेट पाच-सहा हजार. कुठला साइज घ्यावा, दुकानात काय तपासावं?

उत्तर १: साइज वयावरून नाही, हातावरून ठरतो. डावा हात बाजूला सरळ धरा, मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावा. २० इंच भरलं तर १/२, साडेअठरा तर १/४. अधलंमधलं भरलं तर लहान घ्या. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठं घेतलं की चौथं बोट (करंगळी) ताणून मनगट वाकतं, ती सवय मग जात नाही.

उत्तर २: तारा ताणायच्या खुंट्या फिरवून बघा: अडकत नाहीत ना, सोडल्यावर घसरत नाहीत ना. ब्रिजची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीची, शेपटीकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची) बाजू काटकोनात उभी हवी. तारा फार उंच असतील तर मुलीची बोटं दुखणार, ब्रिज कारागिराकडून घासून घ्या. चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे शेपटीवरचे छोटे स्क्रू) असलेलं घ्या. नवा बो (वाजवायचा गज) आवाजच देत नाही, आधी त्याच्या केसांना रोझिन (राळ) भरपूर घासावं लागतं; वाद्य बिघडलंय समजून परत करू नका.

उत्तर ३: कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. दमटपणाने खुंट्या फुगून जाम होतात, कडेचे सांधे सुटतात. सुटलेल्या सांध्याला फेविकॉल अजिबात लावू नका, पुढे उघडताना लाकूड फाटतं. केसमध्ये सिलिका जेल ठेवा. खाऱ्या हवेने तारा गंजतात, वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, बोचे केस सैल करा. तारा बदलताना एकेकच काढा. सगळ्या एकदम सोडल्या तर आतला साउंड पोस्ट (वरच्या-खालच्या फळ्यांमधली उभी लाकडी दांडी) पडू शकतो, तो चिकटवलेला नसतो.