शेवग्याच्या पाल्याची पावडर: चमचाभरात नक्की काय मिळतं?

पानगळ:
रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 10.4 आलंय, तेव्हापासून घरात सगळे मागे लागलेत की शेवग्याच्या पाल्याची पावडर चालू कर. डबीवर लिहिलंय दुधाच्या सतरापट कॅल्शियम, लोह भरपूर आणि काय काय. रोज एक चमचा घेऊन खरंच एवढं मिळतं का? आणि सासूबाई म्हणतात उष्ण पडेल ते वेगळंच.

जुनाखोड:
सतरापट हे 100 ग्रॅम पावडर आणि 100 ग्रॅम दूध असं धरून हो. वाळवल्यावर पाणी गेलं की सगळंच घट्ट होतं, त्यात कसली जादू? 100 ग्रॅम पावडरीत साधारण 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे 5 ग्रॅमच्या चमच्यात 100. कपभर दुधात याच्या दुप्पट असतं. लोहाचंही तसंच, चमच्यात दीडएक मिलिग्रॅम, त्यातलंही पालेभाजीतलं लोह अंगी कमीच लागतं. लिंबू पिळून घ्या, वर लगेच चहा नको. आणि ताई, 10.4 म्हणजे ॲनिमियाच, आधी डॉक्टरांना दाखवा, पावडरीवर ढकलू नका.

कडूगोड:
सासूबाईंचं अगदीच चूक नाही. आयुर्वेदात शिग्रू म्हणजे शेवगा उष्ण, तीक्ष्णच सांगितलाय, म्हणून तर सूज, कफ, जंत यावर वापरायचे. पण मुळं आणि सालीच्या नादी लागू नका, गरोदरपणात तर अजिबातच नको. मुळाला मोहरीसारखा झणका असतो. पाला शिजवून खाण्यात मात्र तसं काही नाही. मी तरी ताजाच खाते, कोवळा पाला देठावरून ओरबाडून घ्यायचा, जाड देठ राहिले की भाजीत काड्या लागतात, वाळवला की सी व्हिटॅमिन बरंच उडतं.

निवांत४२:
रक्त पातळ व्हायची गोळी (वॉरफरिन) चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका, पाल्यात के व्हिटॅमिन असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. शुगरची गोळी असेल तरी सांगून ठेवा, साखर आणखी खाली जाऊ शकते.
जरा अवांतर, शेवग्याच्या वाळक्या बिया कुटून गढूळ पाण्यात ढवळल्या की तासा-दोन तासांत गाळ तळाशी बसतो, सुदानमध्ये बायका पूर्वीपासून असंच करतात. बीमधलं प्रोटीन मातीच्या कणांना धरून बसतं. पाणी नितळ दिसलं तरी उकळावं लागतंच पण.

पानगळ:
अरे बापरे, मी तर पावडर चहातच टाकत होते 😅 थायरॉइडची गोळी चालू आहे, तिच्यासोबत चालेल का?

निवांत४२:
ती उपाशीपोटी घेता ना? मग पावडर तेव्हा नकोच, आणि घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, रिपोर्ट दाखवायला जाणारच आहात.