कंडोम फाटतो, नेमकं कुठे चुकतं?

सातपूरकर: तारीख उलटलेली नाही, तरी फाटतो. पाकीट गाडीच्या डिकीत असतं, सोबत खोबरेल तेल वापरतात. कारण काय?

गोदाकाठ: दोन्ही कारणं तुम्हीच लिहिलीत. तेलाने लॅटेक्स (कंडोमचं रबर) काही मिनिटांतच कमकुवत होतं. व्हॅसलिन, बॉडी लोशनही नको. पाण्यावर आधारित जेल घ्या. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात डिकी भट्टीसारखी तापते, तिथे ठेवूच नका. पाकीट दाबून पाहा, आत हवेची उशी लागली पाहिजे. दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर फेकून नवा घ्या, पलटून वापरू नका. एकावर एक दोन तर मुळीच नको.

पंचवटी: फाटलाच तर पहाट व्हायची वाट पाहू नका. एचआयव्ही रोखणारी पीईपी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. कोर्स २८ दिवसांचा. जिल्हा रुग्णालय गाठा. माहितीसाठी १०९७ टोल-फ्री आहे. आणि हो, जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस) आणि एचपीव्ही (चामखीळ आणणारा विषाणू) कंडोमबाहेरच्या त्वचेतूनही पसरतात, म्हणून फोड-चट्टा दिसला की संबंध टाळाच.

सातपूरकर: डिकी आजच रिकामी करायला सांगतो.